पाद्रीसाहेबांचा झेल

माझा भाऊ थिओफिलस लँगरिश हा नेदर कॉम्बचा पाद्री. तेहेतीस वर्षं त्यानं या गावातली लग्नं लावली, बाप्तिस्मे केले, माणसं मातीआड केली, आणि उन्हाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी गावच्या क्रिकेट संघाचा पंच म्हणून उभं राहून स्वतःच्याच गावाला हरवलं.

मी ड्रुसिला, त्याची थोरली बहीण. चार वर्षांनी मोठी. लग्न मी केलं नाही, त्यानंही केलं नाही. दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याला टाकून जायचा धीर झाला नाही, असं आम्ही लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला विचारलं होतं एका पशुवैद्यानं, आणि त्याच्या अंगाला घोड्यांच्या औषधाचा वास यायचा.

तर पंचगिरीचं सांगत होते. आमच्या एखाद्या गड्यानं झेल घेतला की सगळं गाव नाचायला लागायचं, आणि थिओ मात्र मान तिरकी करून विचारायचा, "जमिनीला लागला नाही ना? नक्की? मला नीट दिसलं नाही बुवा." आणि दिसलं नाही म्हणून नाबाद. वरच्या गावचे, अपर कॉम्बचे लोक उघड म्हणायचे की आमचा बारावा गडी तुमच्या चर्चमध्ये राहतो.

जेबेझ टक हा आमचा लोहार आणि संघाचा कर्णधार. घणासारखा हात आणि तसाच वेगवान चेंडू. एकदा त्याच्या गोलंदाजीवरचे तीन झेल एका दुपारी थिओनं नाकारले. जेबेझ संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मला म्हणाला, "बाईसाहेब, रविवारी पाद्रीसाहेब आमची एवढी मोठाली पापं माफ करतात. मग शनिवारी आमच्या पुण्यावर संशय का घेतात?"

"त्याला विचार की," मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाले, 'जेबेझ, न घेतलेला झेल माणसाच्या छातीवर बसतो.' आता आमच्या छातीवर बसला तर बसू दे ना! ह्यांना काय त्रास?"

तरी गाव त्याला मान द्यायचं, कारण थिओ एके काळी ऑक्सफर्डकडून केंब्रिजविरुद्ध खेळला होता. त्या दोन विद्यापीठांचे सामने तेव्हा नुकते कुठे सुरू झाले होते. पोरं उंच काळ्या हॅट घालून खेळायची, चेंडू कंबरेखालून टाकायची. थिओची निवड झाली ती ज्याची व्हायची त्याला गालगुंड झालं म्हणून. दोन्ही डावांत त्यानं शून्य धावा केल्या. घरी बाबांना पत्र आलं: "आदरणीय बाबा, मी सामना खेळलो. वारा फार होता." बास. पण त्याच्या एका मित्राचं पत्र मागोमाग आलं, त्यात होतं की थिओनं सीमेजवळ धावत जाऊन, अंग झोकून देऊन असा एक झेल टिपला की म्हातारे प्रेक्षकसुद्धा टोप्या उडवायला लागले. पुढे आम्ही नेदर कॉम्बला आलो तेव्हा हे पत्र गावभर वाचून दाखवलं ते मीच. थिओ दर वेळी खोलीबाहेर जायचा. मला वाटायचं, केवढा विनय!

विनय नव्हता तो. हे मला कळलं जूनमधल्या एका मंगळवारी.

न्याहारीच्या वेळी पत्र आलं. आमच्या भागाला नवे बिशप आले होते, आणि गावातल्या मुलांचं दृढीकरण करायला, म्हणजे डोक्यावर हात ठेवून त्यांचा बाप्तिस्मा पक्का करायला, ते पुढच्या गुरुवारी स्वतः येणार होते. थिओनं पत्राखालची सही वाचली आणि हातातला टोस्ट चहात बुडवायचा तो दुधाच्या भांड्यात बुडवला.

"एवरार्ड स्टॅकपूल," तो म्हणाला.

"ओळखीचे आहेत?"

"ताई, मी या माणसाला फसवलंय."

"तू? तेहेतीस वर्षांत बाथ शहराच्या पलीकडे गेला नाहीस, कुणाला फसवणार?"

मग त्यानं सांगितलं. दूध गळणारा टोस्ट तसाच हातात धरून सांगितलं. केंब्रिजकडून खेळणारा एक दांडगा फलंदाज होता, स्टॅकपूल. सत्तेचाळीस धावा झाल्या होत्या त्याच्या. त्या काळात पन्नास म्हणजे आजच्या शंभराच्या बरोबर. त्यानं चेंडू उंच मारला आणि तो थिओच्या दिशेनं आला.

"मी धावलो. चेंडू पुढ्यात पडणार हे दिसत होतं. उडी टाकली. चेंडू आधी गवतावर पडला, ताई. एवढासा टप्पा. मग हातात आला. मी दोन कोलांट्या खाल्ल्या, हॅट डोळ्यांवर आली, आणि ती वर करून बघतो तर तो माणूस मला हॅट काढून सलाम करतोय आणि परत चाललाय."

"मग ओरडायचं होतंस, टप्पा पडला म्हणून."

"तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात आमच्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं."

"आणि खाली ठेवलं तेव्हा?"

"तेव्हा पुढचा फलंदाज खेळायला आला होता." थिओनं हातातल्या टोस्टकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? मला त्याआधी कधी कुणी खांद्यावर घेतलं नव्हतं."

 

"सामना तरी जिंकलात ना?"

"हरलो."

मला हसू आवरेना. एक्केचाळीस वर्षं या माणसानं एक पाप उराशी बाळगलं, आणि त्या पापातून फायदा म्हणाल तर फुटक्या कवडीचा नाही! "थिओ," मी म्हटलं, "चोरी करायची तर निदान भरलेलं घर तरी बघायचं रे."

"तू हस. मी त्यांना सांगणार आहे."

"अरे, त्यांच्या लक्षातसुद्धा नसेल! बिशप झालाय माणूस. त्याला काय कमी व्याप आहेत?"

"नसेल लक्षात तर मग सांगायला काहीच हरकत नाही," थिओ म्हणाला. त्याच्या डोक्याची ही जुनीच खोड. उतारावर गाडी सोडावी तसं एकदा सुटलं की भिंतीला लागेपर्यंत थांबायचं नाही.

पुढचे नऊ दिवस तो कबुलीची तालीम करत होता. आमची स्वयंपाकीण टॅमझिन घाबरून माझ्याकडे आली. "बाईसाहेब, पाद्रीसाहेब डुकरिणीच्या गोठ्यापाशी उभे राहून तिला 'महाशय' म्हणतायत. आणि तिची क्षमा मागतायत. नाताळात तिला कापायचंय ते आत्ताच मनाला लावून घेतलं की काय त्यांनी?"

गुरुवारी सकाळी बिशपसाहेबांची गाडी आली. गाडी एका बाजूला कलली होती. ते उतरले तशी ती सरळ झाली. चांगले धिप्पाड, गुलाबी चेहऱ्याचे, आवाज असा की झाडावरचे कावळे उडाले. त्यांच्या मागून त्यांचे चिटणीस, मिस्टर फ्रिप नावाचे पन्नाशीचे, दमेकरी गृहस्थ उतरले. थिओ पायरीवर उभा होता, पाठ केलेलं वाक्य ओठांवर घेऊन. पण बिशपसाहेबांनी "सुप्रभात" सुद्धा म्हटलं नाही. सरळ येऊन त्यांनी थिओचा उजवा हात पकडला, उलटा केला आणि तळवा उन्हात धरला.

"फ्रिप! इकडे या. बघून घ्या. हाच तो हात!"

मिस्टर फ्रिपनी वाकून, चष्मा लावून थिओचा तळवा पाहिला. "हाच का, बिशपसाहेब? मला वाटलं होतं, जरा मोठा असेल."

थिओचा चेहरा पांढरा फटक. मी मनात म्हटलं, घ्या, यांच्या लक्षात नसेल म्हणत होते मी.

जेवायला मटण होतं, नवे बटाटे होते, आणि तोंडी लावायला बिशपसाहेबांची गोष्ट होती. त्यांनी ती उभं राहून सांगितली. मिठाचं भांडं म्हणजे पंच, लोणच्याची बरणी म्हणजे गोलंदाज. मिस्टर फ्रिपचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. इतक्या वेळा ऐकलेली होती त्यांनी.

"सत्तेचाळीस, मिस लँगरिश! तीन धावा हव्या होत्या. मी असा मारला चेंडू की मला वाटलं आता तो थेट टेम्समध्येच पडणार. आणि कुठून तरी हा काडीसारखा मुलगा आला. वाऱ्यासारखा! आणि जमिनीपासून दोन बोटं वर, दोन बोटं हं, त्यानं तो उचलला! आयुष्यात तसा झेल पुन्हा पाहिला नाही. यावर माझं एक प्रवचन आहे. श्रद्धा म्हणजे काय? जे हाताला येणार नाही असं दिसतं, त्यासाठी अंग झोकून देणं. छापलंय ते. किती गावांत सांगितलं, फ्रिप?"

"एकसष्ट, बिशपसाहेब."

"आज बासष्ट होणार!"

"बिशपसाहेब," थिओ म्हणाला, "मला काही सांगायचंय."

"प्रवचनानंतर सांगा! आधी सांगितलंत तर मी तुमचंच कौतुक करत बसेन आणि मुलं ताटकळतील."

आणि प्रवचन झालं. चर्च खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगांत पांढऱ्या कपड्यांतली अठरा मुलं-मुली, मागे त्यांचे आईबाप, आणि बाजूला वेदीजवळच्या खुर्चीत माझा भाऊ, आपल्याच पापाचं गुणगान ऐकत. बिशपसाहेबांनी "दोन बोटं" म्हणून बोटं वर केली तेव्हा जेबेझ टकनं शेजारच्याच्या बरगडीत कोपर मारलं आणि कुजबुजला, "दोन बोटं आपल्या गड्यानं ठेवली असती तर पाद्रीसाहेबांनी सहा मागितली असती." चर्चमध्ये कुजबुजणं जेबेझला जमत नाही. सगळ्यांनी ऐकलं.

नंतर मुलांना हिरवळीवर गोड पाव आणि लिंबाचं सरबत होतं. ही हिरवळ म्हणजेच गावचं मैदान. आठवडाभर मेंढ्या चरतात, शनिवारी माणसं धावतात. बिशपसाहेब आणि थिओ आमच्या बागेत फेऱ्या मारत होते. मी गूजबेरीच्या झुडपांमागे बसून फळं खुडत होते. फळं पिकायला अजून तीन आठवडे होते, पण माणसानं कामात दिरंगाई करू नये.

थिओनं सांगितलं. डुकरिणीला सांगितलं होतं त्याच्यापेक्षा पुष्कळ वाईट सांगितलं, अडखळत, मध्येच हवामानावर घसरत. पण सांगितलं.

बिशपसाहेब थांबले.

"अशक्य."

"टप्पा पडला होता, बिशपसाहेब."

"मी तिथे होतो, लँगरिश!"

"मीही होतो."

"माझी दृष्टी त्या काळी घारीसारखी होती. मी स्वतः पाहिलं. दोन बोटं! तुम्ही कोण मला आज सांगणार की मी बाद नव्हतो? एक्केचाळीस वर्षं मी बाद आहे! सुखानं बाद आहे!" त्यांचा आवाज चढला. हिरवळीवरच्या मुलांनी पाव खाणं थांबवलं. "तुम्हाला वय झाल्यामुळे काहीतरी भास होतो आहे. विनयाचा अतिरेक! तोही गर्वच असतो, लक्षात ठेवा."

"मला गर्व कशाचा असणार? दोन्ही डावांत शून्य आहेत माझी."

"मग चला," बिशपसाहेब म्हणाले. "आत्ता चला मैदानात. मी तिथे उभा राहतो जिथून फलंदाज बघतो. तुम्ही उडी टाका. टप्पा पडला की नाही हे मला तिथून दिसतं की नाही, ते सगळ्या गावासमोर ठरवू."

मी झुडपांतून उठले. "बिशपसाहेब, त्याला एकसष्टावं लागलंय."

"मला त्रेसष्टावं!" ते म्हणाले, आणि फुलांच्या वाफ्यातून सरळ मैदानाकडे निघाले.

आता जे झालं ते नेदर कॉम्बमध्ये अजून सांगतात, आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो. माझं खरं आहे.

जेबेझनं यष्ट्या ठोकल्या. बिशपसाहेबांनी कोट मिस्टर फ्रिपच्या हातात दिला, पण बिशपांचा तो गुडघ्यापर्यंत गुंड्या असलेला काळा पोशाख तसाच ठेवला. थिओ पन्नास-साठ पावलांवर जाऊन उभा राहिला. मेंढ्या हाकलल्या होत्या, एक सोडून. जेबेझला बजावलं होतं की जुन्या पद्धतीनं, हात खालून फिरवून, सावकाश टाक.

पहिला चेंडू बिशपसाहेबांनी चुकवला. दुसराही. तिसरा मेंढीला लागला. चौथा मात्र त्यांनी असा हाणला की बॅटचा आवाज चर्चच्या मनोऱ्यावरून परत आला. चेंडू वर गेला, थांबला, थिओच्या पुढ्यात पडायला लागला.

आणि माझा भाऊ धावला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो चालतानासुद्धा विचारात पडतो. पण त्या दिवशी धावला. कोटाची शेपटं उडतायत, चष्मा नाकावरून गेला, आणि त्यानं स्वतःला असं फेकलं जसं कुणी पोतं फेकावं. दोन कोलांट्या. मग गवतात नुसते बूट दिसत होते.

"झेल!" बिशपसाहेब गरजले. बॅट वर केली होती त्यांनी, चेहरा आनंदानं फुललेला. "बघा! स्वच्छ झेल! दिसतंय की इथून! लँगरिश, तुम्ही बाद केलंत मला, पुन्हा बाद केलंत!"

"टप्पा!" गवतातून आवाज आला. थिओचा आवाज एवढा मोठा असेल हे गावाला माहीत नव्हतं. "टप्पा पडला! जमिनीला लागला! नाबाद! नाबाद!"

"काय सांगता? मी डोळ्यांनी पाहिलं!"

बूट हलले. थिओ उठून बसला. हनुवटीला चिखल, केसांत गवत. शेजारीच सुताराची डॉर्कस उभी होती, नुकतीच बिशपसाहेबांचा हात डोक्यावर घेतलेली, पांढऱ्या कपड्यातली. तिला बिशपसाहेबांनी हाक मारली.

"मुली, तू जवळ होतीस. खरं सांग. लागला जमिनीला?"

डॉर्कसनं पावाचा घास गिळला. "हो. चांगला उडाला. माझ्या बुटाजवळच."

 बिशपसाहेब क्रीजमध्ये उभे होते आणि थिओकडे बघत होते. मग त्यांनी पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं, मग पुन्हा ते साठ पावलांचं अंतर पाहिलं. माणसाला एखादी गोष्ट कळते तेव्हा ती चेहऱ्याच्या आधी खांद्यांवर दिसते. त्यांचे खांदे उतरले.

"म्हणजे इथून दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही दिसत, साहेब," जेबेझ म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्यानं थिओकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. "पाद्रीसाहेब नेहमी हेच म्हणतात. मला आधी पटत नव्हतं. अजून पूर्ण पटलंय असं नाही."

थिओ लंगडत आला. "मला माफ करा, बिशपसाहेब. हे त्याच दिवशी ओरडायला हवं होतं."

बिशपसाहेबांनी मिस्टर फ्रिपच्या हातातल्या कोटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता गाडी मागवतील आणि थिओची बदली कुठल्यातरी खाऱ्या वाऱ्याच्या ओसाड बेटावर करतील. पण त्यांनी बॅट पुन्हा जमिनीवर टेकवली.

"मी बाद नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता."

"मग मी अजून खेळतोच आहे. सत्तेचाळीस नाबाद." आणि जेबेझकडे वळून, "तीन धावा हव्या आहेत. टाक. फ्रिप! कोट खाली ठेवा, पलीकडे जाऊन उभे राहा. धावायचंय."

"मी?" मिस्टर फ्रिप म्हणाले.

गाव वेडं झालं. पोरं झाडांवर चढली. जेबेझनं खालून सावकाश चेंडू टाकला, बिशपसाहेबांनी तो डावीकडे ढकलला आणि धावले. मिस्टर फ्रिपही धावले, म्हणजे त्यांच्या दम्याला जमेल तसे. चेंडू त्या उरलेल्या मेंढीच्या पायांत अडकला, म्हणून दोन धावा झाल्या. नाहीतर फ्रिपसाहेब तिथेच संपले असते.

"एकोणपन्नास!" सगळी मुलं एका सुरात ओरडली.

इथे बिशपसाहेबांनी चूक केली. कपाळ पुसून ते जेबेझला म्हणाले, "बाळा, लाड पुरे झाले. पन्नासावी धाव मला कुणी भीक घातलेली नको. शनिवारी जसा टाकतोस तसा टाक."

"साहेब, आम्ही आता वरून टाकतो. नव्या पद्धतीनं. तुमच्या काळात—"

"मी म्हणतोय ना, टाक!"

जेबेझनं थिओकडे पाहिलं. थिओ पंचाच्या जागी जाऊन उभा राहिला होता, चिखल तसाच. त्यानं मान डोलावली: ते म्हणतायत तर टाक बाबा. जेबेझ मागे गेला, बराच मागे गेला, आणि धावत आला.

चेंडू मला दिसला नाही. बिशपसाहेबांनाही दिसला नसावा, कारण ते बॅट उचलायच्या आत मधली यष्टी उखडून भिरभिरत मागे गेली होती.

कुणी हसलं नाही.  जेबेझच तोंडावर हात ठेवून उभा होता, जणू त्यानं चर्चची खिडकी फोडली होती. सगळे थिओकडे बघायला लागले. वाटलं, आता तरी हा म्हणेल की मला नीट दिसलं नाही, पुन्हा टाका.

थिओनं बोट वर केलं. "बाद," तो म्हणाला. "क्षमा करा, एवरार्ड. हा तर स्वच्छच होता."

एवरार्ड म्हणाला तो! बिशपांना! बिशपसाहेबांनी मागे वळून पडलेली यष्टी पाहिली, मग थिओला पाहिलं, आणि पोटातून कुठून तरी असं हसायला लागले की हसता हसता खालीच बसले.

"अरे चोरा," ते म्हणाले, "एक्केचाळीस वर्षांपूर्वी नाबाद असताना बाद केलंस, आणि आज डाव परत देऊन लोहाराकडून माझी यष्टी उडवलीस! यापेक्षा तो झेलच बरा होता रे!"

थिओ त्यांच्या शेजारी गवतात बसला. दोघांना उठवायला पुढे चार माणसं लागली, पण ते नंतर. आधी बराच वेळ बसले होते ते. मी सरबताचे पेले घेऊन गेले तेव्हा बिशपसाहेब हसत नव्हते.

"तुला एक माहीत नाही, थिओफिलस," ते सांगत होते. "मी सैन्यात जाणार होतो त्या उन्हाळ्यात. फार घमेंडखोर होतो. पण तुझा झेल पाहिला आणि मी हॅट काढली, का ते मलाच कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याहून सरस निघाला म्हणून मला आनंद झाला होता. तंबूत जाऊन बसलो आणि वाटलं, आपण कदाचित बरे माणूस होऊ शकतो. त्यातून मी पाद्री झालो. आता तू सांगतोस, झेल नव्हताच."

थिओनं बराच विचार केला. तो विचार करताना गवत उपटतो.

"झेल नव्हता," तो म्हणाला. "पण हॅट तर तुम्ही खरीच काढलीत. ती मी पाहिली. खोटा मी होतो, एवरार्ड. तुम्ही नव्हता."

बिशपसाहेबांनी पेला घेतला, प्यायले आणि म्हणाले, "मिस लँगरिश, हे फार आंबट आहे." डोळे त्यांचे पाणावले होते, आणि सरबत मी स्वतः केलं होतं. ते आंबट मुळीच नव्हतं.

गाडी गेल्यावर थिओ घरात आला, आरामखुर्चीत बसला, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत झोपला होता. त्याला कसंबसं उठवून पलंगापर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, नेहमीच्या सात बाया चर्चच्या दाराशी जमल्या, आणि पाद्रीचा पत्ता नाही. तेहेतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी जाऊन सांगितलं, "बायांनो, घरी जा. पाद्रीसाहेब झोपलेत."

"आजारी आहेत का हो?" त्यातल्या एकीनं विचारलं.

"छे," मी म्हटलं, "झोपलेत नुसते."

तो दहा वाजता उठला, खरचटलेली हनुवटी चोळत, आणि तीन अंडी खाल्ली.

दोन आठवड्यांनी बिशपसाहेबांचं पत्र आलं. ते प्रवचन त्यांनी बंद केलं होतं. मिस्टर फ्रिपना त्याचं फार बरं वाटतं आहे, असंही लिहिलं होतं. पण त्या जागी आता श्रद्धेचं दुसरं उदाहरण हवं होतं, आणि ते सुचवणं हे थिओचं कर्तव्य आहे, कारण पहिलं त्यानंच खराब केलं. थिओनं तीन दिवस विचार करून मधमाश्यांचं काहीतरी उदाहरण पाठवलं. बिशपसाहेबांनी उलट टपाली कळवलं की ते अगदी टाकाऊ आहे. थिओनं दुसरं पाठवलं. त्यांनी त्यातली चूक दाखवली. थिओला राग आला, त्यानं चार पानांचं उत्तर लिहिलं.

याला आता सहा वर्षं होतील. उदाहरण अजून सापडलेलं नाही, आणि मला वाटतं दोघांनाही ते सापडायला नको आहे. टपालवाला सकाळी फाटकाशी दिसला की माझा भाऊ गळ्यातला रुमाल न काढताच बाहेर पळतो, आणि पत्र उघडून वाटेवरच उभा राहून, मान तिरकी करून वाचत बसतो. अंडं इकडे थंड होतं. मी ते झाकून ठेवते.